सपाट रानात चालणाऱ्यांसाठी पण चार ओळी छापा की

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय हे आधीच सांगते, कात्री लावायची तर लावा, पण शेवटची मागणी तेवढी कापू नका.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतलं भटकंतीचं पान मी कधी चुकवत नाही. मेथी निवडायला पेपर खाली अंथरायचा असला तरी आधी ते पान काढून बाजूला ठेवते. पण गेल्या वर्षभरात त्या पानावर काय काय आलं ते जरा आठवून बघा. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, राजगड, रतनगड, मग पावसाळा आला की परत कळसूबाई. फोटो झकास असतात, नाही म्हणत नाही. पण कळसूबाई १६४६ मीटर आणि आमचं सोलापूर साडेचारशेच्या आसपास, ते पण तव्यासारखं सपाट. इथून तिकडं जायचं म्हणजे शनिवारची रात्र गाडीत, रविवारी चढउतार, परत रात्र गाडीत आणि सोमवारी सकाळी सात वाजता पोरांचे डबे. हे कुणासाठी लिहिता तुम्ही? कॉलेजच्या पोरांसाठी लिहा की, जरूर लिहा, पण ज्यांच्या घरात पाच वर्षाचं एक, नऊ वर्षाचं एक आणि गुडघ्याला पट्टा बांधलेल्या सासूबाई आहेत त्यांनी काय करायचं, मॉलमध्ये जाऊन सरकत्या जिन्यावर चढउतार करायचा?

हे पत्र लिहायला कारण असं झालं की मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी माझ्या थोरलीनं शाळेत 'माझी जंगल सफर' असा निबंध लिहिला आणि त्यात जंगल होतं ते टीव्हीतलं. वाघ, हत्ती, धबधबा, सगळं. मी म्हणलं अगं तू कधी गेलीस जंगलात? तर म्हणते, "बाईंनी सांगितलं कल्पना करा." मला जरा लागलंच ते. मग मी एका ट्रेकिंग ग्रुपला फोन केला, नाव घेत नाही, पोरं चांगली आहेत बिचारी. तर त्यांनी सांगितलं, दहा वर्षाच्या खाली घेत नाही आणि पंचावन्नच्या वर घेत नाही. म्हणजे आमच्या घरातून फक्त मी आणि आमचे हे. आम्ही दोघं जाऊन काय करणार, लग्नाला बारा वर्षं झाली.

शेवटी आपलं आपणच ठरवलं आणि नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी विजापूर रोडला सिद्धेश्वर वनविहारात गेलो. जुळे सोलापुरात राहून इतकी वर्षं मी त्या रस्त्यानं जाते येते, पण आत पाय ठेवला नव्हता. सकाळी फिरायला येणारी मंडळी होती, स्वेटर, कानटोपी, सगळा थाट. ह्यांनी गेटवरच सुरू केलं, "ह्याला ट्रेक म्हणतात होय? ही तर फेरी झाली. सपाट रानात बघायचं काय, बाभळी?" मी काही बोलले नाही, पाठीवरची पिशवी त्यांच्याकडं दिली.

संपादक साहेब, दीड किलोमीटर चालायला आम्हाला एक तास पन्नास मिनिटं लागली. कुणी दमलं म्हणून नाही, पोरांना पुढं जायलाच नको होतं. पहिली पंधरा मिनिटं तर एका मोरापाशी गेली. निळीशार मान, डोक्यावर तुरा, आणि मागं पिसाराच नाही, शेपटी कापल्यासारखी. धाकटा म्हणतो ही लांडोर आहे, थोरली म्हणते लांडोर निळी नसते, दोघांची जुंपली. शेजारून एक वयस्कर गृहस्थ चालले होते, त्यांनी थांबून सांगितलं की बाळांनो हा मोरच आहे, पावसाळा सरला की त्याची लांब पिसं गळून पडतात आणि पुढच्या पावसाच्या आत परत येतात. आता हे पुस्तकात आहे का नाही मला माहीत नाही, मी चाळिशीला आले आणि मला ते त्या दिवशी कळलं. आपण मोर काढतो तो कायम पिसारा फुलवलेला, त्यामुळं बिनपिसाऱ्याचा मोर समोर आला तर आपल्याला तो ओळखू येत नाही.

मग कुसळं. आपल्याकडचं कुसळी गवत दिवाळीच्या सुमारास वाळतं आणि मग त्याची कुसळं मोज्यात, साडीच्या काठात, शर्टाच्या बाहीत, सगळीकडं घुसतात. मी वैतागून एका दगडावर बसून धाकट्याच्या मोज्यातली एकेक उपसत होते आणि सासूबाई शेजारी बसून हसत होत्या. त्यांनी एक कुसळ घेतलं, धाकट्याच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणल्या, थुंकी लाव जरा. त्यानं लावली. आणि ते काळं पीळ घातलेलं कुसळ हळूहळू घड्याळाच्या काट्यासारखं फिरायला लागलं. पोरगं ओरडलंच, "आई, हे फिरलालंय की गं!" ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की परत पीळ बसतो, आणि असं फिरत फिरत ते बी स्वतःला मातीत रोवून घेतं, पेरायला माणूस नको की तिफण नको. सासूबाई मोहोळ तालुक्यातल्या, गुरांमागं फिरलेल्या, चौथीपर्यंत शाळा. आमच्या घरात त्या दिवसापर्यंत त्यांना कुणी काही विचारत नव्हतं, गोळी घेतली का एवढं सोडून. त्या दिवशी दोन्ही पोरं त्यांच्या दोन बाजूंना आणि आम्ही दोघं मागं पिशव्या धरून.

त्यांनीच पुढं एका झाडाखाली भुसभुशीत मातीत फनेलसारखे छोटे छोटे खड्डे दाखवले, आठ आण्याच्या नाण्याएवढे. काडीनं कडेची माती हळूच पाडायची, की तळातून कुणीतरी माती वर उडवतं. आत एक किडा दडलेला असतो, मुंगी घसरून खाली आली की तो वाळूचा मारा करून तिला वर चढू देत नाही. उकरून हातावर घेतला तर मागं मागं चालतो, पुढं चालतच नाही. ह्यांना मी इतकं वाकून कशाकडं बघताना कधी बघितलं नव्हतं, सपाट रानात बघायचं काय म्हणणारा माणूस गुडघ्यावर बसून मुंगी शोधत होता. मी फोटो काढून ठेवलाय, भांडण झालं की दाखवते.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की चढ नसला म्हणजे बघायला काही नसतं असं नाही. उलट लहान पोरांना चढावर नेलं की त्यांचं सगळं लक्ष श्वासावर आणि 'अजून किती राहिलं' ह्याच्यावर असतं. सपाटीवर पोरगं मान खाली घालून चालतं आणि त्याला सगळं दिसतं. मोठ्या माणसाला सपाटीचा कंटाळा येतो कारण तो पोचायला निघालेला असतो. पोराला कुठं पोचायचंच नसतं.

त्यानंतर आम्ही महिन्यातून एकदा तरी जातो आणि चुका करत करत काही गोष्टी शिकलो, त्या इथं लिहिते कारण मला कुणी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं. पहिली चूक, आम्ही दुसऱ्या खेपेला साडेनऊला निघालो. सोलापूरचं ऊन हिवाळ्यात पण दहाच्या पुढं डोक्यावर हात ठेवतं आणि आपलं रान म्हणजे हिवर, बाभूळ, बोर, खैर, पानं ही एवढीशी, सावली चाळणीसारखी. साडेसहाला घर सोडायचं, नऊ साडेनऊला परत फिरायचं. उन्हाळ्यात मार्चनंतर नाव काढू नका, चाळीस बेचाळीस डिग्रीत पोरांना रानात नेणं हा शहाणपणा नाही. आपला खरा सीझन पाऊस बरा झाला की सुरू होतो आणि फेब्रुवारीत पळस फुलला की संपत येतो. जूनला मृगाच्या सरी पडल्या की मात्र एक दिवस तरी जाऊन या, मखमली लाल मृगाचे किडे असतात जमिनीवर, कुंकू सांडल्यासारखे. हातात घ्यायचे आणि परत तिथंच सोडायचे, काड्यापेटीत घालून घरी आणायचे नाहीत. आम्ही लहानपणी आणायचो, सकाळी मेलेले असायचे.

दुसरी चूक चपला. मी स्वतः सँडल घालून गेले होते आणि बोरीचा काटा तळव्यातून आत गेला. बूट पाहिजेत, आणि मोजे लोकरीचे नकोत, पातळ घट्ट विणीचे पाहिजेत, नाहीतर कुसळं काढण्यात दुपार जाते. आपल्या माळरानात फुरसं असतं, घोणस असते, त्याचा बाऊ करायचा नाही पण विसरायचं पण नाही. आमच्या घरचा नियम असा की दगड हातानं उलटायचा नाही, पाऊलवाट सोडायची नाही, आणि सगळ्यात बारकं पोर पुढं पण त्याच्या पुढं दोन पावलं काठी आपटत मोठा माणूस. सर्वात मागं कोण तर सासूबाई, कारण चाल त्यांची. त्या बसल्या की सगळे बसले. १०८ ॲम्ब्युलन्सचा नंबर सगळ्यांना माहीत असतो, वनविभागाची १९२६ ही हेल्पलाईन पण मोबाईलमध्ये टाकून ठेवा, जखमी जनावर दिसलं, कुठं वणवा दिसला तर कामाला येते.

खाण्याचं सांगू का. बिस्किटं, कुरकुरे नेऊच नका, पाकीट फाडल्याचा आवाज आला की पाखरं गेलीच आणि पाकीट तिथंच पडतं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या. कडक भाकरी चुरत नाही, खराब होत नाही, पाणी सुटत नाही, आणि मी तर म्हणते बाहेरच्या देशात ते लोक ट्रेकला कसली कसली एनर्जीची वडी खातात त्यापेक्षा शेंगाचटणी लई बरी, शेंगदाणा, लसूण, तिखट, मीठ, अजून काय पाहिजे. पाणी मात्र माणशी दोन लिटर धरा, पोरांचं पण तेवढंच, कारण ते निम्मं सांडतात.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा झाली आणि पोरांचं पाळण्यात बसणं, भेळ खाणं सगळं पार पडल्यावर आम्ही नान्नजला गेलो. बार्शी रोडला वीस बावीस किलोमीटर, एसटीनं. आणि हे पण लिहा तुमच्या पानावर, की बायकांना एसटीत २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या पोरांना अर्धं, सासूबाई सदुसष्टच्या म्हणून त्यांना पण अर्धं. पूर्ण तिकीट फक्त ह्यांचं. सगळ्या घराचा जाण्यायेण्याचा खर्च एका पिझ्झ्यापेक्षा कमी झाला.

नान्नज म्हणजे माळढोकचं अभयारण्य. १९७९ मध्ये जाहीर झालं तेव्हा कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटर होतं, त्यात गावंच्या गावं, शेतं, घरं सगळं आलं आणि लोकांना घराला वीट लावायची पंचाईत झाली, मग पुढं ते कमी करून १२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. त्याच्या आधी सत्तरच्या दशकात सोलापूरचेच निसर्गप्रेमी बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळावर हा पक्षी आहे हे लोकांच्या नजरेला आणलं. आपल्या गावच्या माणसाचं हे काम, पण पोरांच्या शाळेत कुणाला नाव माहीत नव्हतं. माळढोक आम्हाला दिसला नाही. दिसणार नव्हताच, आता आपल्याकडं एखादा दिसला तरी पेपरात बातमी होते, देशात उरलेत त्यातले बहुतेक राजस्थानात. सासूबाई म्हणल्या आमच्याकडं त्याला हूम म्हणायचे, नर घुमतो तसा आवाज, माळावर माणसासारखा उभा राहायचा, लांबून वाटायचं कुणी धनगरच उभा आहे. थोरलीनं विचारलं, मग कुठं गेले सगळे? सासूबाई गप्पच बसल्या, मग म्हणल्या, माळच राहिला नाही गं. मला पुढं सांगायला लागलं, की एका खेपेला माळढोकाची मादी एकच अंडं घालते, ते पण उघड्या जमिनीवर, कुत्र्यांनी खाल्लं की वर्ष गेलं, आणि एवढा पंधरा किलोपर्यंतचा जड पक्षी उडताना त्याला समोरच्या वीजेच्या तारा नीट दिसत नाहीत कारण डोळे डोक्याच्या बाजूला, त्यात आपटून मरतात. धाकटा म्हणाला, "मग तारा खाली घाला की जमिनीत." पाच वर्षाचा आहे.

पण काळवीट दिसले, चांगला पंधरावीसचा कळप. ऊन तिरपं होतं, गवत सोनेरी, आणि एक काळा कुळकुळीत नर पीळदार शिंगं मागं टाकून उभा, बाकी माद्या बदामी रंगाच्या. आम्ही सगळे एका जागी खाली बसलो, ते पण आमच्याकडं बघत थांबले. कुणाचा तरी मोबाईल वाजला (ह्यांचाच वाजला) आणि मग एकीनं उडी मारली, तिच्या मागं दुसरीनं, जमिनीवर स्प्रिंग लावल्यासारखी. तिथल्या माणसानं एक गोष्ट छान सांगितली, की माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे, इथं झाडं लावायला येऊ नका. मी इतके दिवस समजत होते की मोकळी जमीन दिसली की झाडं लावणं पुण्याचं काम. माळढोकाला, काळवीटाला लांबवरचं दिसलं पाहिजे, झाडी झाली की ते राहत नाहीत. दर पावसाळ्यात रोपं घेऊन माळावर फोटो काढणाऱ्या मंडळींनी हे ऐकायला पाहिजे, त्यात आमच्या महिला मंडळानं पण, आणि मंडळाची सेक्रेटरी मीच आहे.

आता तक्रार. ठिकाणाचं नाव लिहीत नाही कारण उद्या परत तिथंच जायचंय. एका ठिकाणी आम्ही छान चाललो होतो, पोरांना मी खेळ लावला होता, डोळे मिटून पाच आवाज ओळखायचे. थोरलीचे चार झाले होते, बुलबुल, होला, वाऱ्यानं शेंगा वाजतात तो, आणि आजीचा श्वास. पाचवा आवाज आला ढोलताशाचा. दहाबारा जणांचा घोळका, खांद्यावर ब्लूटूथ स्पीकर, बर्थडेचा केक, ते फुसफुस फेस मारायचे डबे, सगळ्या बोरीला पांढरा फेस. मी जाऊन म्हणलं, बाळांनो आवाज कमी करा, तर एक जण म्हणतो, "काकू, जंगल काय तुमचं हाय का?" नाही बाबा, माझं नाही. पण तुझं पण नाही. मी एवढंच बोलले आणि परत फिरले, कारण पोरं बरोबर होती आणि हे मला मागं ओढत होते. जाताना बघितलं तर केकचा खोका, चमचे, डबे सगळं तिथंच. परत येताना आम्ही उचलून आणलं, धाकट्यानं विचारलं हे आपण का उचलायचं, मला उत्तर देता आलं नाही. अजून पण आलं नाही.

दुसरी तक्रार संडासची, आणि ही लिहायला मला अजिबात लाज वाटत नाही. एका ठिकाणी बायकांच्या संडासला कुलूप, किल्ली कुणाकडं ते माहीत नाही, पाणी नाही. पुरुष माणसं झाडामागं जातात, सासूबाईंसारख्या बाईनं काय करायचं, तर सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. त्या दिवशी त्या प्यायल्याच नाहीत, आणि अकरा वाजता चक्कर आली. साखर मीठ पाणी पाजून सावलीत झोपवलं, तासाभरानं बऱ्या झाल्या. म्हणजे चालणं कठीण नव्हतं, रस्ता सपाट, अंतर थोडं, सगळं सोपं, आणि माणूस पडलं ते एका कुलपामुळं. 'कुटुंबासाठी योग्य' असं लिहिताना डोंगर किती उंच आहे ते बघतात, संडास उघडा आहे का ते कुणी बघत नाही.

श्रावणात येडशीच्या रामलिंगला गेलो होतो, ते जिल्ह्याबाहेर, धाराशिवमध्ये, पण बार्शीवरून सोयीचं आहे. १९९७ पासून ते अभयारण्य आहे, लहानसं, बावीस चौरस किलोमीटर, पण बालाघाटच्या कुशीत पावसात इतकं हिरवं असतं की सोलापूरच्या माणसाचा डोळ्यावर विश्वास बसत नाही. देवळापाशी उतरायला पायऱ्या आहेत त्यामुळं अगदी सपाट नाही म्हणता येणार, सासूबाई निम्म्यात बसल्या. तिथं माकडांनी आमची पिशवी पळवली, आतली शेंगाचटणी उघडून खाल्ली आणि मग जे काय नाचलंय ते माकड, पोरं आजपण नक्कल करतात. हसू आलं पण चूक आमचीच, पिशवी हातात लोंबकळत ठेवायची नाही आणि माकडांना खायला तर अजिबात द्यायचं नाही, देऊन देऊनच ती अशी झालीत. सासूबाईंनी वाटेत रुळाकडं बघून सांगितलं की त्यांच्या लहानपणी इथं बार्शी लाईटची छोटी गाडी होती, १८९७ साली सुरू झालेली ती नॅरोगेज, घाटात इतकी हळू चालायची म्हणे की पोरं उतरून बोरं तोडून परत डब्यात चढायची. खरं खोटं त्यांनाच माहीत. पण त्या वेगानं आजची गाडी गेली असती तर मला पण चाललं असतं.

आता मागणी. तुमच्या भटकंतीच्या पानावर कोपऱ्यात एक चौकट द्या, महिन्यातून दोनदा दिली तरी चालेल, सपाट आणि सोप्या वाटांची. सोलापुरातून सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला घरी येता येईल अशी ठिकाणं, वनविहार आहे, नान्नज आहे, हिवाळ्यात पाहुणे पक्षी बघायला हिप्परग्याच्या तलावाची कड आहे (१८७१ च्या सुमाराचा तलाव, अजून पाणी धरून आहे, आत्ताचे बांध बघा आणि तो बघा), आणि तालुक्या तालुक्यात अशी रानं असतील जी मला माहीत नाहीत पण तुमच्या गावोगावच्या वार्ताहरांना नक्की माहीत असतील. लेख नको, वर्णन नको, 'निसर्गाची मुक्त उधळण' तर अजिबात नको. मला एवढंच सांगा, वाट किती लांब आहे आणि पाच वर्षाच्या पोराला ती चालायला किती वेळ लागतो, कारण किलोमीटर मोठ्या माणसाचे असतात. सावली कुठं आहे. बसायला कट्टा किंवा दगड किती अंतरावर. गेट कधी उघडतं कधी बंद होतं, तिकीट आहे का. शेवटची एसटी किती वाजता. बाबागाडी किंवा व्हीलचेअर जाते का. पाणी आहे का. आणि संडास उघडा आहे का, हे वार्ताहरानं फोन करून विचारायचं नाही, जाऊन कडी वाजवून बघायचं.

आणि एक गोष्ट छापू नका. कुठल्या झाडावर कुणाचं घरटं आहे, काळवीट नेमके कुठल्या कोपऱ्यात चरतात, हे लिहू नका. तुम्ही लिहिलं की पुढच्या रविवारी तिथं दोनशे मोटारसायकली. वाट सांगा, घर सांगू नका.

हे म्हणतात, तुझ्या पत्रानं काय होणार, पेपरवाले जाहिराती बघतात. असेल तसं. पण कळसूबाईचा फोटो मी चार वेळा बघितलाय आणि तिकडं जाणार नाही हे मला पक्कं माहीत आहे, वनविहाराचा फोटो तुमच्या पेपरात मी एकदाही बघितला नाही आणि तिकडं आम्ही येत्या रविवारी परत जाणार आहोत. थोरलीच्या वर्गातल्या तीन मुली पण येणार आहेत, त्यातल्या एकीची आजी पण येते म्हणते, तिच्या गुडघ्याला पण पट्टा आहे. सासूबाईंनी कालपासून कुसळाच्या दोन काड्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्यात, नव्या पोरींना दाखवायला. वर्तमानपत्र तुमचंच आहे.

कळावे,
आपली नेहमीची वाचक,
जुळे सोलापूर

ता. क. ज्या ठिकाणच्या संडासला कुलूप होतं तिथं मागच्या आठवड्यात हे जाऊन आले. कुलूप बदललंय, नवीन घातलंय, चांगलं पितळी.